समुद्र सोडून बाकी सगळं

दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय भाऊंना त्यातली एकही नीट दिसत नसे. छत्री घ्यायची तर वडशाच्या बाजारातून दोन छत्र्या घरी येत, अंगणात उघडून ठेवल्या जात, आणि चार दिवसांनी दोन्ही दुकानात परत जात. पोटाचं दुखणं निघालं तेव्हा ते दोन डॉक्टरांकडे गेले. पहिल्याला दुसऱ्याचं निदान सांगितलं, दुसऱ्याला पहिल्याचं. दोघांनी वेगवेगळी औषधं दिली. भाऊंनी दोन्ही पुड्या उशाशी ठेवल्या, आणि कोणती घ्यावी हे ठरेपर्यंत दुखणं थांबलं. हा आपल्या पद्धतीचा विजय आहे, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वडशाचा वार्ताहर होतो आणि भाऊंच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांच्या नाटक कंपनीचं कार्यालय, मागे तालमीची लांब खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. गावभर ते ‘भाऊ’ आणि त्यांच्या पत्नी ‘बाई’. मला ते ‘पत्रकार’ म्हणत, तेही तक्रार नोंदवायला आल्याच्या सुरात.

दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री नाटक असतं, आणि ते नाटक ठरवायला वडशाला यावं लागतं, कारण कंपन्यांची कार्यालयं सगळी इथेच, एकमेकांना लागून आहेत. गावची चार-पाच माणसं येतात. एका कार्यालयात चहा पितात, समोरच्या कार्यालयात चहा पितात, पुन्हा पहिल्यात येतात. नटी कोण, गाणी किती, पडदे नवे की जुने, समोरचा काय म्हणतो. शिवाय नाटक दुसऱ्या कुठल्यातरी गावात जाऊन स्वतः पाहून आल्याशिवाय कोणी सुपारी देत नाही. त्या पाहणीला गावातली जाणती माणसं जातात, पहाटेपर्यंत बसतात आणि परतीच्या वाटेवर भांडतात.

भाऊंची सगळी हयात या लोकांपुढे बसण्यात गेली होती, आणि या मंडळींइतका संताप त्यांना कशाचाच नसे. मंडळी पायऱ्या उतरली की ते पंखा वाढवत आणि म्हणत, “घेत नाई, सोडत नाई. नुसते चहा पिऊन राह्यले.”

बाईंचं काम तालमींबरोबर सुरू होई. नट, नट्या, पेटीवाले मास्तर, तबलजी, लाईटवाला, पडदे ओढणारे, गाडीचे ड्रायव्हर, आणि नेमके जेवणाच्या वेळी काम काढून येणारे गावकरी. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाचे गंज, म्हणजे मोठी पातेली, गॅसवर मावत नसत, म्हणून मागे चूल पेटे. कंपनीचा लौकिक नाटकांपेक्षा जेवणाचा अधिक होता. नागपूरच्या एका नटीला दुसरी कंपनी बरेच जास्त पैसे देत होती, तरी ती इथेच राहिली. कारण विचारलं तेव्हा तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं होतं.

एक हंगाम फार चांगला गेला. भाऊंनी बाईंना विचारलं, काय पाहिजे. त्यांच्या मनात सोनाराची दोन दुकानं तयार असावीत. बाईंनी समुद्र मागितला. त्यांनी तो पाहिलेला नव्हता.

“चार दिवस मले कोणाले जेवाले बसा म्हणाचं नाई,” त्या म्हणाल्या. “मी बसीन. वाढतीन दुसरे. आन समोर समुद्र पाहिजे.”

भाऊंनी तिथल्या तिथे होकार दिला. घ्यायचं तर वरच्यातलं घ्यायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. कोणीतरी गोव्याच्या उत्तर टोकाचं एक रिसॉर्ट सुचवलं. भाऊंनी फोटो पाहिले आणि ते त्यांना पसंत पडलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक रिसॉर्ट शोधून काढलं.

गोव्यातलं रिसॉर्ट नवं होतं. सगळी काच, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा पोहायचा हौद. दुसरं तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर, सिंधुदुर्गात. ते जुनं, कौलारू, नारळीच्या बागेत, आणि तिथे अंगाला तेल चोळून देणारी माणसं ठेवलेली होती. दोघांची इंग्रजी नावं भाऊंच्या तोंडात बसली नाहीत. त्यांनी एकाला ‘नवी कंपनी’ आणि दुसऱ्याला ‘जुनी कंपनी’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून व्यवहार त्यांच्या ओळखीचा झाला.

चौकशीचे फोन मी करायचे, असं परस्पर ठरवण्यात आलं. पत्रकाराला प्रश्न विचारायची सवय असते, हे कारण. प्रश्न मात्र भाऊंचे असत. नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो, हा पहिला. हंगामात रात्रभर जागणारा हा माणूस बारा वाजण्याआधी क्वचित उठे. नवी कंपनी साडेदहा म्हणाली, जुनी अकरा. जुनी पुढे गेली. मग पुढच्या रांगेचा प्रश्न, म्हणजे खोलीतून समुद्र समोर दिसतो का. नवीमध्ये बिछान्यातून दिसत होता, जुनीमध्ये ओट्यावर यावं लागे. नवीने बरोबरी केली. दोन दिवसांनी भाऊंनी तो गुण काढून घेतला. बिछान्यातून समुद्र दिसत असेल तर माणूस झोपणार कधी, असा त्यांचा आक्षेप होता.

पावसाने खेळ मोडला तर गाव ठरलेल्या पैशातलं काही देतं आणि काही ठेवून घेतं, अशी इथली रीत. तीच रीत तिथे आहे का, हे विचारायला त्यांनी मला लावलं. नव्या कंपनीतल्या मुलीने प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. मी विचारला. तिने वरच्या साहेबांना फोन दिला. साहेबांनीही पुन्हा विचारायला सांगितला.

बातमीच्या दोन्ही बाजू घ्याव्यात, हे मला शिकवलेलं होतं. दोन्ही बाजू घेऊन झाल्यावर बातमी द्यायचीही असते, हे भाऊंना कधी पटलं नाही.

एकदा त्यांनी दोन्ही बाजू समोरासमोर आणल्या. कार्यालयाच्या टेबलावर त्यांनी आपला फोन आणि माझा फोन ठेवला. एकावर नवीच्या बुकिंगवाल्या मॅडम, दुसऱ्यावर जुनीचे बुकिंगवाले साहेब. दोन्हींचे आवाज मोठे केले आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली.

“ह्या नवी कंपनीच्या मॅडम. हे जुनी कंपनीचे साहेब,” भाऊ म्हणाले. “आता बोला. कोण काय जास्त देते?”

मॅडमनी ‘हॅलो’ म्हटलं. मग साहेबांनी मॅडमना त्यांच्या नावाने हाक मारली. दोघं पूर्वी एकाच हॉटेलात कामाला होती. मॅडमनी साहेबांच्या मुलीची चौकशी केली, साहेबांनी मॅडमच्या बदलीची. तिसऱ्याच एका सहकाऱ्याचं लग्न कसं मोडलं, हे दोघांनी मिळून बराच वेळ समजून घेतलं. भाऊ एकदा या फोनकडे, एकदा त्या फोनकडे बघत होते. शेवटी त्यांनी दोन्ही बंद केले आणि निकाल दिला की हे आतून एकच आहेत, यांच्यापासून सावध राहावं लागेल. या निकालानंतर तरी विषय मिटेल, असं मला वाटलं. तुलना दुप्पट झाली.

त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, की गावची मंडळी तुमच्या कार्यालयात येऊन जे करतात, तेच तुम्ही करत आहात. मी हे जरा मोठ्या आवाजात म्हणालो असेन. भाऊ चिडले नाहीत.

“त्याईले नाटक न्याचं असते, पत्रकार,” ते म्हणाले. “पडलं त एक रात गेली. मले बाईले न्याचं हाये. तिनं जिंदगीत एकच गोष्ट मांगितली. ते खराब निंगाली त मी तिले काय सांगू?”

या माणसावर नीट चिडताही येत नसे, ही खरी अडचण होती. त्यांच्या मनात टाळाटाळ नव्हती. बाईंना चांगल्यातलं चांगलं मिळावं म्हणून ते बाईंना काहीच मिळू देत नव्हते.

त्यातच हंगामाचं गणित होतं. समुद्रकिनाऱ्याचे चांगले दिवस दिवाळी ते होळी. नाटकांचे दिवसही दिवाळी ते होळी. हंगाम संपून भाऊ मोकळे होत तेव्हा ऊन तापलेलं असे, आणि उन्हात बाईंना नेणं त्यांना मंजूर नसे. मग पावसाळा येई, आणि लाल निशाणं लावून समुद्रात उतरायला बंदी होई. मग तालमी. दर वर्षी तुलना नव्याने सुरू होई, कारण मधल्या काळात दोन्हींपैकी एखाद्या कंपनीने खोल्यांचे पडदे बदललेले असत.

बाई यावर फारसं बोलत नसत. एकदा मी जेवायला बसलो असताना भाऊंनी नवीन माहिती सांगायला सुरुवात केली. त्या भात वाढत म्हणाल्या, “मले पाहाले आले तवाबी यायनं दुसरी पोरगी पाह्यली होती, नागभीडची. मले काऊन घेतलं, हे अजून सांगत नाईत.” भाऊंनी जेवण थांबवून विचार केला.

मग एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला, शेवटचा प्रयोग आटोपल्यावर, भाऊंनी जाहीर केलं की पाहणीला जायचं. पेटीवाले मास्तर, लाईटवाला आणि ते स्वतः. दोन्हीकडे एकेक रात्र राहायचं आणि निकाल लावायचा. नाटक पाहिल्याशिवाय सुपारी द्यायची नाही, तसंच हे.

“बाई?” मी विचारलं.

“तिले मंग नेतो. आधी आमी पाहून येतो.”

मी म्हणालो, तीन माणसं विमानाने जाऊन दोन रात्री राहणार, तर त्याच खर्चात बाईच जाऊन येतील आणि त्या स्वतः बघतील.

“तिनं पाह्यलं आन खराब निंगालं त?” भाऊ म्हणाले. या प्रश्नाला उत्तर नाही अशी त्यांची खात्री दिसली.

बाईंनी तिघांसाठी पुऱ्या, सुकी भाजी आणि चटणी बांधून दिली. वरच्या दर्जाच्या त्या रिसॉर्टांमध्ये जेवण खोलीच्या दरातच होतं. तरी भाऊंनी डबा नेला, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे पहिल्या रात्री तिघांनी काचेच्या खोलीत, हौदाच्या काठावर बसून तोच खाल्ला. तिथल्या जेवणावर विश्वास ठेवण्याआधी घरच्या जेवणाशी ते ताडून पाहणं गरजेचं होतं.

परत आले त्या दुपारी स्वयंपाकघरात पाट मांडलेले होते आणि मीही होतो. तिघं जेवता जेवता अहवाल देत होते. नवीच्या गाद्या मऊ, पण पाठ धरते. जुनीच्या गाद्या कडक, पण उशा चांगल्या. जुनीत खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या आहेत, नवीत उतार आहे. लाईटवाल्याला नवीच्या बागेतले दिवे पसंत नव्हते. खालून मारलेले आहेत, माणसाचा चेहरा काळा पडतो, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी कळवलं की जुनीत संध्याकाळी एक माणूस गातो आणि तो अर्धा सूर खाली असतो. नवीत गाणं यंत्रावर लावतात, पण सुरात. मास्तरांचं मत नवीला पडलं, लाईटवाल्याचं जुनीला. भाऊंनी आपलं मत राखून ठेवलं होतं.

बाई वाढत होत्या. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आन समुद्र?”

“तो दोघायकडे सारखाच हाये,” भाऊ म्हणाले. “म्हणून तो धरला नाई.”

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्या मागच्या अंगणात गेल्या. भाऊंनी आणखी भात मागितला. कोणी वाढायला नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः घेतला आणि पायऱ्यांचा विषय पुढे चालू केला.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी बाई जिना चढून माडीवर आल्या. माझ्या खोलीत त्या त्याआधी आलेल्या मला आठवत नाहीत. त्या म्हणाल्या, “बाबू, फोन लाव.”

“कोणत्या कंपनीला?”

“दोघायले लाव. पह्यले उचलन त्याचं.”

पैशाचा प्रश्न नव्हता. भाऊंनी ते केव्हाच बाजूला काढून बाईंच्याच कपाटात ठेवले होते. ते कोणाला द्यायचे, एवढंच अडलेलं होतं. नवीने थांबायला लावून यंत्रावरचं गाणं ऐकवलं. सुरात होतं. जुनीच्या साहेबांनी लगेच उचलला आणि माझा आवाज ओळखून सावधपणे नमस्कार केला. मी म्हणालो, आज प्रश्न नाहीत, खोली हवी आहे. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. बाईंबरोबर सिंदेवाहीची धाकटी बहीण जाणार होती. तारखा बाईंनी सांगितल्या आणि मी त्या तशाच पुढे सांगितल्या. त्या तालमींच्या पहिल्या आठवड्यातल्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

भाऊंना संध्याकाळी कळलं. त्यांनी आधी ‘कोणती’ हे विचारलं. मग, नवीत काय वाईट होतं, हे विचारलं. तारखा त्यांनी सगळ्यात शेवटी ऐकल्या.

“तालमीत?” ते म्हणाले. “एवढे लोक येतीन, त्याईच्या जेवणाचं काय? आठ दिवस मागं-पुढं कर ना.”

“सयपाक नसते तवा सुट्टी घेऊन काय करू?” बाई म्हणाल्या.

“नटी निंगून जाईन. समोरचा टपूनच बसला हाये.”

“त्याईले जेवाले बसा म्हणा. तोंड हाये तुमाले.”

त्यांचं एवढंच बोलणं झालं. ठरलेल्या दिवशी सकाळी बाई बहिणीला घेऊन गाडीने नागपूरला आणि तिथून विमानाने गेल्या. भाऊ गाडीपर्यंत सोडायला आले. जुनीपासून नवी फार लांब नाही, जमलं तर एकदा बघून ये, असं त्यांनी काचेतून सांगितलं. गाडी सुटली होती.

पुढचं कोणालाही सांगता आलं असतं. वडशात जेवण पुरवणाऱ्या दोन खानावळी होत्या, एक स्टेशनजवळ आणि एक बाजारात. भाऊंनी दोन्हीकडून एकेक डबा मागवला, स्वतः चाखला, मास्तरांना चाखवला आणि निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकला. तोवर कंपनी पोहे आणि समोशांवर राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन डबे आले, कारण आदल्या दिवशी एकीकडची भाजी वेगळी होती. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाने उपाशीपोटी गर्जना येत नाही असं सांगितलं आणि तो खुर्चीत बसून राहिला. नागपूरच्या नटीने आपली बॅग उघडली नव्हती. समोरच्या कार्यालयातला माणूस तिला दोनदा चहाला बोलावून गेला होता, आणि भाऊंनी ते पाहिलं होतं.

त्या दुपारी तालमीच्या खोलीत सगळे असताना बाईंचा फोन आला. भाऊंनी आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. खोली कशी आहे, त्यांनी विचारलं. उशा त्याच आहेत ना. नाश्ता खरंच अकरापर्यंत देतात का. तो गाणारा अजून खालच्याच सुरात गातो का. बाईंनी यातल्या एकाचंही उत्तर दिलं नाही.

“इथी एक पोरगी हाये,” त्या म्हणाल्या. “मराठीच बोलते. सकाळी आली, मले म्हणे, बाई, तुमाले काय आवडते ते सांगा, तेच करून आणतो. मले सांगताच नाई आलं.”

“काऊन?” भाऊ म्हणाले.

“मालूमच नाई. सगळ्यायचं मालूम हाये मले. माह्यं नाई. तिनं म्हटलं, घाई नाई, आठवलं की सांगा. म्हणून बसून हाये. समुद्र पाहून राह्यली.”

मागे कसलातरी एकसारखा आवाज येत होता. त्यांनी फोन ठेवला.

भाऊंनी समोरचे दोन्ही डबे बाजूला सारले. मग त्यांनी मला विचारलं, “पत्रकार, तिले काय आवडते?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी नटीला विचारलं, खलनायकाला विचारलं, ड्रायव्हरला बाहेरून बोलावून विचारलं. बाईंच्या हातचं न जेवलेला माणूस त्या खोलीत नव्हता. कोणालाच सांगता येईना.

शेवटी पेटीवाले मास्तर म्हणाले, “लाखोळीची डाळ.”

“ते तुमाले आवडते, मास्तर,” लाईटवाला म्हणाला.